पायातली इंग्रजी

“हाफवे डाउन द बंड!”

सुब्बय्या साहेब दुर्बिणीच्या तिपाईपाशी उभे राहून ओरडले आणि प्रेमदास तलावाच्या पाळीवरच थांबला. हातात झेंडी, समोर उतार, आणि डोक्यात सगळा गोंधळ. एरवी साहेबांचं बोलणं संपायच्या आत तो पाळीच्या निम्म्यावर उतरून झेंडी रोवून मोकळा झाला असता. आज तो मनातल्या मनात विचारत होता, हे ‘हाफवे’ नेमकं कोणाचं? ‘डाउन’चं, ‘बंड’चं, की माझं?

“काऊन थांबला बे?” मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरलेला चिंधू मागून म्हणाला. “साहेब वाट पाहून राह्यले.”

“थांब जरा. फोडून पाहतो.”

“का फोडतं?”

प्रेमदास अंदाजाने उतरला तो थेट तळाशी जाऊन उभा राहिला. साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं, मान वर केली, पुन्हा पाहिलं. तीन हंगामांत या चेनमनला, मोजणीची साखळी-झेंडी धरणाऱ्या या माणसाला, त्यांना एकदाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं. साहेब दूर दक्षिणेकडचे. त्यांना ना मराठी धड येई, ना हिंदी, आणि प्रेमदासला वाचता येत होतं ते फक्त स्वतःचं नाव. तरी दोघांचं कधी अडलं नव्हतं.

अडणार कसं? प्रेमदासला मोजणीत आणलं ते म्हाताऱ्या नत्थू चेनमनने, बावीस वर्षांपूर्वी. नत्थूची शिकवण्याची तऱ्हाच निराळी होती. “साहेबाची इंग्रजी कानानं नाई, पायानं शिकाची,” असं म्हणून तो त्याला एकेक हुकूम चालवून घ्यायचा. ‘जस्ट शॉर्ट ऑफ द ट्री’ म्हणजे झाडाच्या एक ढांग अलीकडे. ‘स्ट्रेट अक्रॉस द नाला’ म्हणजे कोरडी वाट शोधायची नाही, धोतर वर घेऊन पाण्यात शिरायचं. ‘ऑल द वे अप टु द स्टोन’ म्हणजे दगडाला अंगठा लागेस्तोवर. प्रेमदासच्या लेखी हे सगळे एकेकच शब्द होते. त्यांच्या आत आणखी शब्द असतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं, आणि त्यावाचून सेलूपासून सिंदीपर्यंतच्या नव्या सडकेची आखणी काही बिघडली नव्हती.

मग कचेरीतून एक कागद आला. साल सत्तावन्न. जिल्हा नुकताच एका राज्यातून निघून दुसऱ्यात गेला होता, आणि कोणता हुकूम जुना, कोणता नवा, हे कचेरीतल्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. एवढं मात्र कळलं की चेनमन लोकांची वर्ध्याला तोंडी परीक्षा होणार. साहेबांची इंग्रजी समजते असं ठरलं तर नोकरी पक्की, नाहीतर मार्चअखेर घरी.

“बावीस वर्सं झाले जी,” सुलोचना म्हणाली. “एवढी परीक्षा देऊन टाका. मंग मले रोजीनं कापूस वेचाले जा नाई लागन.”

बायकोने बावीस वर्षांत मागितलेली ही पहिलीच गोष्ट. प्रेमदास दुसऱ्याच दिवशी सेलूत हरिभाऊ मास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसला.

मास्तर देवमाणूस. पैसा न घेता शिकवायला तयार झाले. विद्याही पक्की होती. फक्त उन्हात झेंडी घेऊन ते कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी पाटीवर हुकूम लिहिला आणि त्याचे तुकडे पाडले.

“हे पाहा प्रेमदास, ‘डाउन द बंड’ म्हणजे पाळीवरून खाली. पण किती खाली? ते ‘हाफवे’ हा पहिला शब्द सांगते. मागून येणाऱ्या साऱ्या बोलण्याले तो लगाम लावते.”

“म्हणजे म्या अगोदर खाली जाचं, आन् मंग लगाम?”

“लगाम अगोदरच असते रे.”

“मास्तर, नत्थूबुवानं असं नोतं शिकवलं.”

“नत्थूले परीक्षा होती का?”

प्रेमदासने मान डोलावली. काही समजलं नाही की माणूस जास्तच डोलावतो.

महिनाभरात एक ना धड भाराभर चिंध्या अशी त्याची गत झाली. मास्तरांचं डोक्यात शिरेना आणि नत्थूचं पायातून निसटलं. रानात तीन ठिकाणची मोजणी पुन्हा करावी लागली. घरीसुद्धा सुलोचनाने विचारलं, “हा माठ कुठं ठेवू जी?” तर तो “रांजणाच्या जरासा मागं” म्हणाला आणि तिथेच अडकला. जरासा माठ, की जरासं मागं?

“आता घरातलं बोलणंही फोडून राह्यले तुमी,” सुलोचना म्हणाली आणि तिने माठ आपल्या मनाने ठेवून दिला. तिला भीती वाटू लागली होती. त्यालाही वाटत होती, पण सांगायची सोय नव्हती.

परीक्षेच्या खोलीत एक टेबल होतं आणि पलीकडे दोन परीक्षक. त्यातल्या चष्मेवाल्याने विचारलं, “‘स्ट्रेट अक्रॉस द नाला.’ अर्थ सांगा.”

मास्तरांचे तुकडे घशाशी आले आणि एकमेकांत अडकले. प्रेमदासने डोळे मिटले, आणि नत्थूने चालवून घेतलेल्या बोरनदीकडच्या नाल्यातला थंड चिखल पायाला लागल्यासारखं झालं. तो उठला. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि खोलीच्या या टोकापासून नाकासमोर चालत निघाला. वाटेतली रिकामी खुर्ची त्याने बाजूला केली, पण वळसा घातला नाही. भिंतीला छाती लागली तेव्हा थांबला.

दुसरा परीक्षक हसला. चष्मेवाला हसला नाही.

“बरोबर असेलही हो,” तो म्हणाला, “पण परीक्षा तोंडी आहे. चालणं मी कुठं लिहू?”

“बाहेर चला ना साहेब. जे म्हणसान ते करून दाखवतो.”

“बसा,” चष्मेवाला हळू आवाजात म्हणाला. प्रेमदास बसला आणि पुढच्या एकाही प्रश्नाला त्याला उत्तर देता आलं नाही.

मार्चअखेर त्याने झेंडी परत केली. सुब्बय्या साहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि ते बराच वेळ इंग्रजीत काहीतरी बोलले. प्रेमदासला त्यातलं काही कळलं नाही, कारण कुठं जायचं ते त्यात नव्हतं.

वैशाखात त्याच सडकेचं मातीकाम सुरू झालं. सुलोचना आणि प्रेमदास दोघंही घमेली वाहायला जाऊ लागली. ओव्हरसियर नवा होता, चेनमनही नवा, परीक्षा पास झालेला. एका दुपारी ओव्हरसियर दुर्बिणीला डोळा लावून ओरडला, “जस्ट शॉर्ट ऑफ द ट्री!”

नव्या चेनमनला प्रत्येक शब्दाचा अर्थ येत होता. तो झाडाकडे पाहत राहिला, मग ओव्हरसियरकडे, मग हातातल्या झेंडीकडे.

प्रेमदासच्या डोक्यावर भरलेलं घमेलं होतं. ते खाली केव्हा ठेवलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पाय निघाले होते. पळसाच्या एक ढांग अलीकडे तो थांबला, वळला आणि उजवा हात वर केला. मूठ अशी आवळलेली, की जणू आत झेंडीची काठी आहे.

ओव्हरसियरने दुर्बिणीतून पाहिलं. मग त्याने वहीत आकडा लिहिला.

“कोण आहे तो?”

“मजूर आहे साहेब,” कोणीतरी म्हणालं.

सुलोचनाने आपलं घमेलं रिकामं केलं आणि नवऱ्याचं उचलून डोक्यावर घेतलं. हात खाली घ्यायचा हुकूम अजून आला नव्हता, म्हणून प्रेमदास तसाच उभा राहिला.