हाक मारायचं नाव

वडिलांच्या हनुवटीवरून ती रेझर फिरवत होती. तेवढ्यात खालून कुण्या बाईनं तिला नावानं हाक मारली आणि तिचा हात हलला. फेसात लाल ठिपका उमटला.

“ताई, लक्ष कुठे आहे तुझं?” वडील म्हणाले.

“कुणीतरी हाक मारली मला.”

“तुला कोण हाक मारणार?”

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला नावानं हाक मारणारं खरंच कुणी उरलं नव्हतं. धाकट्या भावाची ती ताई. त्याचं ऐकून ऐकून आईवडिलांचीही ताईच झाली. शाळेत वर्गात त्याच नावाच्या चौघी होत्या, तेव्हा ज्याच्या त्याच्या घरी तेच नाव. म्हणून बाई तिला बसायच्या जागेवरून ‘खिडकीतली’ म्हणायच्या. पुढे त्या नावाची हौस ओसरली. बँकेतली एक कोवळी पोरगी तर तिची सही बघून म्हणाली होती, “अय्या, माझ्या आजीचं नाव!”

जखमेवर कापूस दाबून तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. तळमजल्यावर नव्यानं राहायला आलेली बाई, हातात इवलीशी चप्पल घेऊन, चार वर्षांच्या मुलीमागे धावत होती.

मग त्या हाका रोजच्याच झाल्या. जेवायला, अंघोळीला, खरचटलेल्या गुडघ्याला औषध लावायला. वडिलांची लुळी पडलेली बाजू सावरत ती चादर बदलत असे, आणि दर हाकेला तिची मान वळे.

एकदा त्यांना भरवता भरवता तिनं विचारलं, “बाबा, माझं नाव आठवतं तुम्हाला?”

त्यांनी घास गिळला आणि नाव सांगितलं. अगदी स्पष्ट. “मीच ठेवलंय. तेव्हा फार चालायचं.”

“मग कधी हाक का नाही मारत?”



“ताई म्हटलं की तू येतेस.”

तिनं चमचा वाटीत ठेवला. त्यांचं तोंड पुसलं, पाठीमागची उशी सारखी केली आणि “आलेच” म्हणून जिना उतरली.

दार मुलीनंच उघडलं. “तू कोण?”

तिनं नाव सांगितलं.

“खोटं! ते माझंय.”

“आधी माझं होतं.”

मुलीची आई हात पुसत बाहेर आली. “तुमचंही तेच? आम्हाला वाटलं, किती नवीन शोधून काढलंय!”

“फोन देता जरा? माझा वर राहिलाय.”

भावाचा नंबर तिला पाठ होता. त्यानं उचलल्यावर तिनं आपलं नाव सांगितलं.

“कोण?”

तिनं पुन्हा सांगितलं.

“नाही हो, ओळखलं नाही. चुकून लागला असेल.”

तिनं डोळे मिटून घेतले. “ताई बोलतेय.”

“अगं, मग तसं सांग की! बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. रविवारी गाडी घेऊन ये. तुझ्याकडे न्यायचंय त्यांना.”

“न्यायचंय म्हणजे? किती दिवस? आणि मग तू काय करणार?”

“ते मलाही माहीत नाही. पण ये.”

“बघतो,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

फोन परत करून ती बाहेर आली. वरून वडिलांचा आवाज येत होता, “ताई! अगं ताई!” ती कठड्याला धरून वर निघाली, आणि पहिल्याच पायरीवर बसून राहिली.