दोनाताच्या नावाखालची ओळ

दोनाताचा रेडिओ सकाळपासून मोठ्याने चालू होता आणि खिडकीची झडप अर्धी उतरवलेली होती. त्या गल्लीत याचा अर्थ एवढाच घ्यायचा, की दोनाता घरी आहे आणि ती काहीही काम करत नाही. गाण्याखाली शिलाई मशीनची घरघर ऐकू आली तरी ती ऐकायची नाही. अशा वेळी दार तर मुळीच वाजवायचे नाही. कारण मग बिचारीला मशीन झाकावे लागणार, कापड पलंगाखाली सरकवावे लागणार आणि कॉफी देताना अंगावरचे दोरे झटकावे लागणार. बायका याला सभ्यपणा म्हणत.

समोरच्या घरात कोझिमाही असाच सभ्यपणा पाळत बसली होती. झडप उतरलेली, रेडिओ लागलेला, मांडीवर लोकरी कोट. नवरा गेल्यापासून ती कोटांना अस्तरे घालत आली होती, पण सरकारदरबारी ती गृहिणी होती. कोट उत्तरेकडच्या मोठ्या शहरांतल्या दुकानांत जात. प्रत्येकाच्या बाहीला एक हिरवी चिठ्ठी रेशमी दोऱ्याने बांधायची असे. 'माणसाचा मान आणि निसर्गाचा तोल राखून शिवलेला', असे तिच्यावर छापलेले होते. ती बांधताना सुरुवातीला कोझिमाला हसू यायचे; पुढे पुढे तेही येईनासे झाले.

काम आणायची आस्सुन्ता. गावाबाहेर तिचा छोटा कारखाना होता आणि तिथे मोजक्या बायका पगारावर होत्या. उत्तरेतून तपासणीस येत, स्वच्छ टेबले, मोकळी हवा आणि कॉफीचे यंत्र बघून खूश होत आणि चांगुलपणाचे प्रमाणपत्र देऊन जात. बाकीचे कोट धुण्याच्या टोपलीत, चादरीखाली झाकून घराघरांतल्या स्वयंपाकघरांत पोचत. आस्सुन्ताला यात काही वावगे वाटत नसे. नियम कारखान्याला असतात, स्वयंपाकघराला थोडेच, असे ती म्हणे. आणि तिला नाही कोण म्हणणार? निम्म्या गल्लीच्या लेकरांना बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांवर घेतले होते. कोझिमाच्या रोझाल्बाची ती धर्ममाता होती, आणि रोझाल्बाला तिने कारखान्यात पगारावर लावून घेतले होते. असे उपकार डोक्यावर असताना टोपली परत पाठवायची म्हणजे जिवावरच यायचे.

लग्न होऊन आल्या तेव्हा कोझिमा आणि दोनाता दाराबाहेर खुर्च्या टाकून घेवड्यासारख्या बाकल्याच्या शेंगा सोलत बसायच्या. टोपली आली आणि खुर्च्या आत गेल्या. आता दोघी रविवारी चर्चमध्ये भेटत. शेंगांबद्दल, वाऱ्याबद्दल, उत्तरेत तोरिनोला गेलेल्या दोनाताच्या मुलाबद्दल बोलत. दोनाताचे डोळे लाल असत, कोझिमाची बोटे सुजलेली असत. दोघींना ते दिसे आणि दोघीही विचारत नसत. एवढीशी गल्ली मध्ये, पण दोघी आपापल्या घरात अगदी एकट्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही रेडिओ थांबला नाही. कोझिमाला वाटले, घाईचे काम आलेले दिसते. आस्सुन्ताने दोनातालाच जास्त कोट दिले म्हणून तिला जरा हेवाही वाटला. दुपारी तिचे मन मऊ झाले. तिने घोटलेल्या बाकल्यावर कडवट पालेभाजी घालून ताटली भरली, गल्ली ओलांडली, दार वाजवायला हात उचलला. आत गाणे चालू होते. तिने हात खाली घेतला आणि ताटली घेऊन ती घरी परतली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आस्सुन्ता तयार कोट न्यायला आली. तिने थाप मारली, हाका मारल्या, पण दार उघडले नाही. जादा किल्ली कोझिमाकडे असायची. दोघी आत गेल्या. दोनाता टेबलाशी बसलेली होती, डोके कोटावर टेकलेले, अंग थंडगार. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होते.

आस्सुन्ताने छातीवर क्रूस केला, डोळे पुसले, अगदी खरेखुरे पुसले, आणि म्हणाली, "डॉक्टर यायच्या आत हे आवरायला हवं. तू जरा तिचं डोकं धर."

आणि कोझिमाने धरले. इतक्या वर्षांची सवय माणसाकडून काहीही करवून घेते. आस्सुन्ताने कोट ओढून घेतला, मशीनवर फुलाफुलांची चादर टाकली, हिरव्या चिठ्ठ्या वेचल्या आणि टोपली कोझिमाच्या हाती दिली. "एकच राहिलाय गं. तू पुरा कर. गाडी उद्याच निघते."

बाई काय काम करायच्या, असे डॉक्टरने विचारले. घरीच असायची, असे आस्सुन्ताने सांगून टाकले. हृदयाचा झटका परवाच आला असावा, पण काल संध्याकाळपर्यंत तरी जीव होता, असे डॉक्टर म्हणाला. कुणी डोकावले असते तर कदाचित वाचल्या असत्या. शेजाऱ्यांना हाक ऐकू आली नाही का, असेही त्याने सहज विचारले आणि उत्तराची वाट न बघता तो गेला.

घरी येऊन कोझिमाने तो कोट मांडीवर घेतला. डाव्या बाहीचे अस्तर अर्धेच झाले होते. दोनाताचा टाका बारीक आणि किंचित तिरका होता. इतकी वर्षे समोरासमोर राहून कोझिमा तो आज पहिल्यांदा बघत होती. तो थांबला होता तिथून पुढे तिला शिवायचे होते. तिने सुई ओवली, पण हात उचलेना. मग ती खूप रडली, दोनातासाठी आणि काल दारापर्यंत जाऊन परत आलेल्या स्वतःसाठी.

गावात कुणी गेले की भिंतींवर काळ्या चौकटीचा कागद लागतो. आस्सुन्ताने मजकूर आधीच छापखान्यात पाठवला होता. कोझिमा तिथे पोचली तेव्हा म्हातारा ओरोन्झो तो जुळवतच होता. प्रेमळ आई, आदर्श गृहिणी.

"गृहिणी काढा, ओरोन्झोकाका," कोझिमा म्हणाली. "नावाखाली लिहा, कोट शिवणारी कामगार."

ओरोन्झोने चष्मा काढला. "तुझी पोरगी आस्सुन्ताकडेच आहे ना?"

"आहे."

"मग हे मी ऐकलंच नाही असं समजतो. घरी जा, बाई."

"आपण न ऐकल्यानंच मेली ती, काका. लिहा तुम्ही. आणि शोक करणाऱ्यांत माझं नाव घाला. सोबत काम करणारी म्हणून."

संध्याकाळच्या आत कागद सगळीकडे लागले. आस्सुन्ता तणतणतच आली. लेकीची धर्ममाता आहे मी, याचे हेच पांग फेडलेस का, म्हणाली. गल्लीतल्या साऱ्या चुली तू विझवणार, असेही म्हणाली. यातले काहीच खोटे नव्हते. कोझिमाने टोपली पुढे केली.

"बाही अर्धीच आहे," ती म्हणाली. "तू वाईट आहेस असं नाही म्हणत मी. तिचं डोकं मीच धरलं होतं. पण यापुढे माझ्याच्यानं नाही व्हायचं."

रोझाल्बाला दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून घरी पाठवले. ती आईशी बोलेना. दफनाला गल्लीतल्या बायका आल्या, पण कोझिमापासून चार हात लांब चालल्या. त्यांचाही राग खोटा नव्हता. कोट बंद झाले तर मुलांना खायला काय घालायचे? त्यांच्यातल्याच कुणीतरी ती बाही पुरी केली आणि हिरवी चिठ्ठी बांधून कोट गाडीत चढला. थंडीत तो कुणाच्या तरी अंगावर असेल, आणि घालणाऱ्याला वाटेल आपण किती जाणतेपणाने खरेदी केली.

कोझिमा बस धरून शहरातल्या कामगार कचेरीत गेली. तिथली अधिकारी रोझाल्बाच्या वयाची होती. काय काम करता, असे तिने विचारले. कोट शिवते, असे कोझिमा परक्या माणसापुढे आयुष्यात प्रथमच बोलली. कुणासाठी, किती वर्षे, कुठे बसून, सगळे तिने सांगितले. ती अधिकारी मुलगी मान खाली घालून लिहीत राहिली.

"तुम्हाला हे काम करताना पाहिलेलं कुणी आहे का, मावशी? साक्षीला?"

"समोरच्या घरात एक होती."

"त्या येतील का इथे?"

"ती गेली. मी तिच्या कामाची साक्ष द्यायला आलेय," कोझिमा म्हणाली. "आधी तिचं नाव लिहा."