अकरा सिनेमे हरलेला सोनेरी विग

मी विग बोलतोय. सोनेरी, खांद्यापर्यंत, मऊ. घाबरू नका, मला डोकं नाहीये, त्यामुळे मी फार विचार करून बोलणार नाही.

तुम्ही मला बघितलंय. खेळाच्या सिनेमात शेवटच्या सामन्यात समोरच्या संघात एक उंच परदेशी बाई असते ना, च्युइंगगम चघळत आपल्या मुलींकडे नाक वर करून बघणारी? तिच्या डोक्यावर मी असतो. अकरा सिनेमे केले, अकराही हरलो. धावण्यात हरलो. पोहण्यात हरलो, वर आकसलोही. एकदा बुद्धिबळातसुद्धा हरलो, आणि तेव्हा तर मी मेंदूपासून बोटभर अंतरावर होतो.

पण मी जन्माने सोनेरी नाही. मी काळी वेणी होते. हो, होते. वेणी असेपर्यंत मी बाई होते, विग झाल्यावर पुरुष झालो. मला कुणी विचारलं नाही.

तेव्हा मी एका तेरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर राहायचे. रोज सकाळी सात वाजता तिची आई मला घालायची. आई शिवणकाम करायची. तोंडात दोरा धरून, एका पायाने शिलाई मशीनखालची चप्पल शोधत ती मला घट्ट आवळायची आणि म्हणायची, "मान सरळ ठेव." मुलगी म्हणायची, "सरळच आहे." ती कधीच सरळ नसायची. खिडकीबाहेर पोरं फुटबॉल खेळायची ना.

पुढे मुलगी स्वतःच खेळायला लागली. गोलकीपर झाली. चेंडू काही केल्या आत जाऊ द्यायची नाही, म्हणून मैत्रिणी तिला भिंत म्हणायच्या. एका सामन्यात कुणीतरी मला धरून तिला मागे ओढलं. घरी आल्यावर आईने कापड कापायची मोठी कात्री काढली आणि एका दमात मला उतरवलं. कात्रीचा आवाज मला अजून आठवतो. भिंत आरशात बघून हसली. आई नाही हसली. तिने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि मग पुन्हा उघडून एकदा बघितलं.

आई एका टोपवाल्या काकांकडे विगच्या आतल्या जाळ्या शिवून द्यायची. ती मला त्यांच्याकडे घेऊन गेली. "वाया नको जायला," म्हणाली. काकांनी मला रंग उडवायच्या औषधाच्या बादलीत बुडवलं. मी पूर्वेला झोपले आणि पश्चिमेला उठलो.

माझी जाळीही आईनेच शिवली. सगळ्या जाळ्या ती पांढऱ्या दोऱ्याने शिवायची. माझ्यात मात्र उजव्या कानामागे तिने एक लाल टाका घातला. एकच. काकांना दिसला नाही. मला रोज टोचायचा. बरं वाटायचं.

मग मी पत्र्याच्या पेटीत गेलो. वर चिठ्ठी होती, 'परदेशी, बायका, मऊ'.

अठरा वर्षांत मला पश्चिम पाठ झाली. सिनेमातली, म्हणजे. तिकडचे लोक हसत नाहीत. त्यांना आई नसते, फक्त स्टॉपवॉच असतं. त्यांचा सराव काचेच्या खोलीत यंत्रांवर होतो, आपला चिखलात आणि भावनेत. ते आपल्या खेळाडूच्या फाटक्या बुटांना हसतात आणि दीड तासाने त्याच बुटांकडून हरतात. आपल्याकडे शेवटच्या मिनिटाला आईचा आवाज ऐकू येतो. त्यांच्याकडे शेवटच्या मिनिटाला फक्त शेवटचं मिनिट येतं.

बाराव्या सिनेमाला पेटी उघडली तेव्हाही हेच होतं. मुलींचा फुटबॉल. मैदान एकच, पण अर्ध्यावर टँकरने पाणी मारून चिखल केला होता. तो अर्धा आपला देश. उरलेल्या अर्ध्यावर हिरवी चटई, तो परदेश. परदेशी प्रशिक्षक म्हणून जवळचे दातांचे डॉक्टर आणले होते, कारण ते गोरे होते आणि कुणाशी नीट बोलायचे नाहीत. त्यांना परदेशी भाषेत ओरडायला सांगितलं. ते औषधांची नावं ओरडत होते.

एक बाई खरोखरच तिकडून आलेली होती. गावात भाषा शिकवायची. पण तिचे केस काळे. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, तुम्ही काही परदेशी वाटत नाही." तिला आपल्या संघाच्या बाकावर बसवलं. आपल्या बाजूने सगळ्यात छान रडली ती.

आपल्या संघात नट्या होत्या. परदेशी संघात मात्र जवळच्या क्लबच्या खऱ्या खेळाडू, कारण समोरच्यांना खेळता यायला हवं, म्हणजे हरवण्यात मजा. मेकअपवाल्याने मला झटकलं आणि गोलकीपरच्या डोक्यावर ठेवलं.

मी ते डोकं लगेच ओळखलं. डावीकडचं टेंगूळ, मागचा भोवरा. भिंत! एकतीस वर्षांची, गुडघ्याला पट्टा, पण तीच. मी ओरडलो असतो, पण केसाला आवाज नसतो. तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, "शी, काय हे! मेलेलं मांजर ठेवलंय डोक्यावर."

अठरा वर्षं वाट बघितल्यावर हे ऐकावं लागलं.

दृश्य सोपं होतं. शेवटची पेनल्टी. नायिका भिंतीच्या उजवीकडे मारणार, भिंतीने डावीकडे उडी मारायची, गोल, पूर्व जिंकली, घरी जा. भिंतीने डावीकडे उडी मारली आणि पायाने उजवीकडचा चेंडू बाहेर काढला.

"कट! ताई, सोडायचा आहे चेंडू."

"हो हो. सॉरी."

दुसऱ्या वेळी गुडघ्याने अडवला. तिसऱ्या वेळी तर तिने डोळे मिटले होते, तरी चेंडू छातीशी. नायिकेचा फटका इतका हळू यायचा की तो सोडायलाच जास्त कसब लागत होतं. दहाव्या वेळी नायिका रडकुंडीला आली. "मुद्दाम करतेय ती!"

"नाही गं," भिंत म्हणाली, "अंगाला सवय आहे, दुसरं काही नाही."

तेराव्या वेळी दिग्दर्शकाने टोपी जमिनीवर आपटली. "अहो, हा नुसता सामना नाही! पूर्व आणि पश्चिमेचा प्रश्न आहे! तुम्ही पश्चिम आहात, हरा की जरा! ऊन चाललंय!"

जेवणाची सुट्टी झाली. आई डबा घेऊन आली होती. केस पांढरे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. भिंतीने मला काढून मांडीवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आई, मुद्दामच करतेय मी. अर्धं मुद्दाम."

"का गं?"

"तू माझा एक तरी बचाव बघितलायस का? तीन सामन्यांना आलीस. चेंडू आला की तुझे हात डोळ्यांवर."

"तुला लागेल म्हणून."

"आता क्लबने माझी जागा दुसरीला दिली. गुडघा संपला. ही माझी शेवटचीच वेळ. सिनेमात तरी बघशील म्हटलं, सिनेमात लागत नाही. आणि इथे मी गोल खाणार, तोही सोनेरी केसांत. तू बघणार ते एवढंच."

बोलायचं नसलं की आईचे हात चालतात. तिने मला उचललं, तीन भाग केले आणि वेणी घालायला लागली. घट्ट. तोंडात दोरा नव्हता, तरी ओठ मिटलेले. मी श्वास धरला, म्हणजे केस जेवढा धरू शकतो तेवढा. वेणी संपत आली तेव्हा तिचं बोट आत जाळीला लागलं, उजव्या कानामागे. थांबलं. तिने मला उलटं केलं, चष्मा वर केला. लाल टाका.

"काय झालं?" भिंतीने विचारलं.

"काही नाही." आईने मला दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर ठेवलं. "मान सरळ ठेव."

"सरळच आहे," भिंत म्हणाली. आणि मग तिची मान खरंच सरळ झाली.

आई सावलीत गेली नाही. ती गोलच्या जाळीमागे जाऊन उभी राहिली. भिंत ओरडली, "डोळे मिटशील तू!"

"नाही मिटत. माझी शिवण आहे तुझ्या डोक्यावर. उसवतेय का ते बघायचंय मला."

चौदावी वेळ. नायिका वैतागली होती, त्यामुळे पहिल्यांदाच चेंडू जोरात आला, वरच्या कोपऱ्यात. भिंत उडाली. मी तिच्यामागे उडालो, वेणीसारखा, तेरा वर्षांच्या पाठीवर उडायचे तसा. दोन बोटं चेंडूला लागली आणि चेंडू बाहेर.

आईचे हात पदराशी घट्ट होते. डोळे उघडे. सताड.

"लागलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ऊठ."

दिग्दर्शक मैदानातच बसला. भिंत त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "घ्या आता. आता सोडते." पंधराव्या वेळी चेंडू टुणटुणत आत गेला. पूर्व जिंकली. भिंत तोंड झाकून इतकी हसली की खांदे हलत होते. सिनेमात ते रडणं म्हणून वापरलं. लोक म्हणाले, परकी असून काय सुंदर रडली हो!

चौदावी वेळ अर्थात कापली. ती फक्त आईने बघितली. आणि मी.

संध्याकाळी आई मेकअपवाल्याला म्हणाली, "हा आम्हाला मिळेल का?" तो म्हणाला, "मावशी, परदेशी आहे हो, महाग असतो." त्याने माझी वेणी सोडली, विंचरलं आणि पेटीत टाकलं. भिंत वळून बघत होती. आईने तिला सांगितलं असावं. ती मेलेलं मांजर म्हणाली होती, ते मी केव्हाच विसरलोय.

सध्या मी पेटीतच आहे. पुढचा सिनेमा टेनिसचा आहे म्हणे. हरेन. त्याचं काही नाही, सवय आहे. एवढंच मागणं आहे की शेवटच्या मिनिटाला सोनेरी केसवाली हरली की टाळ्या जरूर वाजवा, पण जरा हळू. खाली कोण आहे सांगता येत नाही.

आणि कधी ही पेटी तुमच्यासमोर उघडली, तर माझ्या उजव्या कानामागे बोट फिरवा. लाल टाका लागला, तर शिवणाऱ्या बाईंना एक निरोप द्या. म्हणावं, सकाळी सातला मी अजून तयार असते.