अंगुस्तानाची टकटक

शिंपीणबाई सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या अंगुस्तानाने दारावर टकटक करायच्या. ती ओळखीची टकटक ऐकली की ताईसाहेब आतली कडी काढायच्या. इतर कुणासाठी त्या उठतही नसत. धाकटा भाऊ आपल्याला वेडी ठरवून घरातून नेणार, या भीतीने त्यांना पछाडलं होतं.

एका दुपारी तो भाऊ बाईंना जिन्यात डोळे पुसत बसलेला दिसला.

"मावशी, मला फक्त तिच्या पाया पडायचंय. माझ्यासाठी ती दार उघडणार नाही. तुम्ही वाजवा ना."

"आता सुचलं होय शहाणपण?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचं मन लोण्याचं. बहीणभाऊ एक होतील, या आनंदात त्यांनी टकटक केली.

कडी सरकली आणि भावामागून दोन अनोळखी माणसं आत शिरली.

ती दंडाला धरून नेत असताना ताईसाहेबांनी हळूच विचारलं, "बाई, टकटक तुमचीच होती ना?"

रिकाम्या खोलीत ताईसाहेबांचा अर्धवट शिवलेला झगा उन्हात पाण्यासारखा हलत राहिला.

त्यानंतर बाई उघड्या बोटाने शिवू लागल्या. सुई टोचली की थबकायच्या आणि कुठे कडी सरकतेय का, ते ऐकत बसायच्या.