अण्णांच्या औषधांच्या डब्यातली गोळी

मित्रांनो, आधीच सांगते, नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. मी एक प्लॅस्टिकची गोळी आहे. आता जुनी झाले, अंगावर चरे पडलेत. लांबी तुमच्या अंगठ्याएवढी, रंग काळपट, टोक बोथट. प्लॅस्टिकची म्हटल्यावर तुम्हाला बादली आठवली असेल, खेळण्यातली मोटार आठवली असेल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. आपण त्याच घराण्यातल्या, आपल्या हातून कुणाचं काय वाईट होणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गाव कुठलं ते विचारू नका, मला कुणी सांगितलंच नाही. तिथे एक बाई आम्हाला एकेक करून हातात घ्यायच्या, उजेडात फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "छान झाली हो." तेवढंच काय ते माझ्या वाट्याला आलेलं कौतुक. पेटी भरताना एकाने सूचना मोठ्याने वाचली. गर्दी पांगवण्यासाठी वापरावी, गुडघ्याच्या खाली मारावी, जीव जाऊ नये. काय सांगू, मी अशी फुशारले! खरी गोळी जीव घेते आणि मी जीव वाचवते, असं पेटीतल्या शेजारणींना उठताबसता ऐकवायचे. त्याही बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या, जातील कुठे?

ट्रकने जबलपूरला आले आणि दोन वर्षं एका कपाटात पडून राहिले. मग एका मे महिन्यात मदन महलच्या बाजूच्या एका वस्तीत बावीस दिवस नळाला पाणी आलं नाही. लोक रिकाम्या बादल्या घेऊन रस्त्यावर बसले. दुपारपर्यंत गर्दी वाढली, दगड भिरकावले गेले आणि हुकूम सुटला. मी ज्याच्या बंदुकीत होते त्या शिपायाचं नाव तुळशीराम. सकाळपासून उन्हात उभा होता. नळी आधी खालीच होती, खोटं कशाला बोलू? मग एक दगड त्याच्या हेल्मेटवर आदळला. तो दचकला, नळी वर गेली आणि मी सुटले.

मला वळता येत नाही, मित्रांनो. थांबताही येत नाही. समोर पहिल्या मजल्यावरची गॅलरी होती. तिथे सलोनी नावाची तेवीस वर्षांची मुलगी आपल्या दोन छोट्या भाच्यांना खांद्याला धरून आत ढकलत होती. मी तिच्या डाव्या डोळ्याखाली जाऊन आदळले. हाड मोडल्याचा आवाज मला आला. माझ्या अंगाला तिचं रक्त लागलं, आणि माझी सगळी फुशारकी त्या फरशीवर उतरली.

मला उचललं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे सलोनीचे वडील. मूळचे अमरावतीचे, पण रेल्वेच्या नोकरीत पस्तीस वर्षं जबलपुरात मुरलेले. त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि मुलीला घेऊन दवाखाना गाठला. म्हणून पुढचं सगळं मी खिशातून ऐकलं.

तिथे एक शिपाई कागद घेऊन आला. म्हणाला, "लड़की उस टाइम क्या कर रही थी?"

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालेलं. चष्मा घरी राहिलेला. ते म्हणाले, "क्या करेगी साहब? बच्चों के संग दंगा कर रही थी, और क्या!"

आता तुमच्या घरात दंगा म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला हवं का? खाटेवर उड्या मारायच्या, उशा फेकायच्या, आई लाटणं घेऊन येईपर्यंत थांबायचं नाही. दुपारभर सलोनी भाच्यांबरोबर तेच करत होती. पण हिंदीत दंगा म्हणजे दगडफेक आणि जाळपोळ. अण्णांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण माणूस घाबरला की जीभ आपल्या घरचंच बोलते. शिपायाने तेवढं एकच वाक्य लिहून घेतलं, आणि अण्णांनी चष्म्याशिवाय खाली सही ठोकली.

घरी आल्यावर मला कुठे ठेवावं ते त्यांना सुचेना. पोलिसांना द्यावं तर भीती, फेकावं तर मन होईना. शेवटी त्यांनी मला आपल्या औषधांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि झाकण दाबलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या आणि मी. त्या पांढऱ्या गोळ्या माझ्यापासून अंग चोरून बसत, असं मला वाटायचं.

तीन आठवड्यांनी सलोनी घरी आली. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळत होता. ती कपाला हात घालायची आणि हात कपाच्या बाजूने जायचा, हे मी आवाजावरून ओळखायचे. त्याच आठवड्यात नोटीस आली. दंगा करणाऱ्यांच्या यादीत सलोनीचं नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं, पित्याच्या जबाबावरून.

सलोनीला जुलैपासून एका शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली होती. त्यासाठी पोलिसांचा दाखला हवा होता. दंग्याच्या यादीतल्या मुलीला दाखला कोण देणार?

"अण्णा, ये आपने बोला क्या?" तिने विचारलं.

"मी काहून असं बोलीन?" अण्णा म्हणाले. "त्यांनीच काहीतरी लिहून टाकलं असेल."

खोटं बोलले अण्णा. दवाखान्यात मी त्यांच्या खिशातच होते, मला ठाऊक होतं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण गोळीला कुठला आवाज? माझा आवाज एकदाच निघतो, तो निघून गेला होता.

पुढचे दिवस फार वाईट गेले. रोज सकाळी झाकण उघडायचं, अण्णांचा चेहरा दिसायचा, त्यांची बोटं मला टाळून औषध उचलायची आणि झाकण बंद व्हायचं. रोज त्यांच्या डोळ्यांखाली थोडं जास्त काळं झालेलं असायचं. खरं सांगावं तर मुलगी तोंड बघणार नाही, न सांगावं तर तिची नोकरी जाणार. शिवाय गोळी लपवली कशाला, म्हणून उद्या पोलीस विचारतील. मी पत्र्यात कोंडलेली, ते स्वतःच्याच शब्दात. आम्हा दोघांनाही बाहेर पडायला वाट नव्हती.

शाळेचं पत्र आलं की तीस जूनपर्यंत दाखला द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना चक्कर आली. सलोनी त्यांची गोळी काढायला धावली. डाव्या बाजूचा डबा तिला नीट दिसला नाही, हाताचा धक्का लागला आणि आम्ही सगळ्या फरशीवर. मी घरंगळत तिच्या पायाशी गेले.

तिने मला उचललं. बराच वेळ बघितलं.

"अण्णा, ही तीच?"

"तीच," अण्णा म्हणाले. मग त्यांना रडू कोसळलं. "आणि तो शब्दही माझाच, बेटा. तुम्ही घरात दंगा करून राहिले होते, तेच तोंडात आलं. मीच बोललो. मीच सही केली."

मला वाटलं, आता ही मला भिंतीवर भिरकावेल. सलोनी खाली बसली. पांढऱ्या गोळ्या एकेक वेचून तिने डब्यात भरल्या. एक अण्णांच्या हातावर ठेवली, पाणी दिलं. मला मात्र मुठीतच ठेवलं. "चलो," ती म्हणाली. "आत्ताच जायचं."

पोलिसांच्या ऑफिसात चौकशी अधिकारी एक मॅडम होत्या. अण्णा टेबलासमोर उभे राहिले. "मैडम, हमारी मराठी में दंगा मतलब वो दंगा नहीं."

"तो क्या?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"मस्ती... बच्चों की... मतलब..." अण्णांना शब्द सापडेना. पस्तीस वर्षं हिंदी बोललेला माणूस, पण त्या क्षणी एक शब्द मिळेना. मग त्यांनी काय करावं? चपला काढल्या आणि त्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, उड्या मारायला लागले. एकसष्ट वर्षांचे अण्णा! टेबल बडवलं, खुर्चीवरची गादी उचलून वर फेकली, लहान मुलासारखे "हुर्रेऽऽ" म्हणून ओरडले. "ये! इसको दंगा बोलते हैं हमारे घर में! ये कर रही थी मेरी लड़की!"

दारातले शिपाई हसले. अण्णांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मॅडमनी नवा कागद घेतला. या वेळी अण्णांनी चष्मा लावला, अक्षरन् अक्षर वाचलं आणि मग सही केली.

"नाम हट जाएगा," मॅडम म्हणाल्या. अण्णा खुर्चीत मटकन बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

सलोनीने मला टेबलावर ठेवलं. "मैडम, मैंने दंगा नहीं किया, ये तो लिख लिया. मुझे गोली किसने मारी, वो कौन-से कागज़ में लिखेंगे?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग मला एका खाकी पाकिटात घातलं, कडेला डिंक लावला आणि वर नंबर टाकला.

तेव्हापासून मी या पाकिटात आहे, एका फळीवर. सलोनीच्या वर्गात आज काय शिकवणं चाललंय, हे मला कुणी सांगत नाही. मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कुणी म्हणालं, अरे, प्लॅस्टिकचीच तर होती, तर तिथे गप्प बसू नका. कुणाला लागली ते विचारा. कुणी मारली तेही विचारा. सलोनीच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे, पण पाकीट बाहेरून चिकटवलेलं आहे.