रक्त थांबवणारी नणंद

माझ्या लेकीच्या, कीवाच्या, नाकातून रक्त आलं की आमच्या घरात आधी कापूस शोधत नाहीत, आधी माझ्या नणंदेला फोन लावतात.

डिंफना तिचं नाव. माझ्या नवऱ्याची, फिंटनची, थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्या शेताच्या पलीकडे जुन्या घरात एकटी राहते. तिच्याकडे रक्त थांबवायचा गुण आहे. आमच्या किलक्रीव्ही गावात असे गुण असलेली माणसं बरीच. कोणाकडे नागिणीचा, कोणाकडे भाजल्याचा. डिंफनाला तिचा गुण वडिलांनी मरताना दिला. फिंटनला ट्रॅक्टर दिला. रक्त वाहणाऱ्याचं पूर्ण नाव तिला सांगायचं, ती मनात एक प्रार्थना म्हणते, झालं. फोनवरूनसुद्धा चालतं. पैसे द्यायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत, नाहीतर गुण जातो म्हणतात. आभारांचा नियम मी अगदी मनापासून पाळला.

लेकीचं नाक चिमटीत धरून मी बसायची, रक्ताने भरलेल्या उश्यांचे अभ्रे मी धुवायची. आणि रक्त थांबलं की कीवा माझ्या हातातून फोन हिसकावून घ्यायची.

"आत्या, थांबलं! येऊ का तुझ्याकडे?"

"ये गं राणी. पाव आत्ताच काढलाय भट्टीतून."

नऊ वर्षांची पोरगी, अंगात रक्त उरलंय की नाही अशी फिकट, पण आत्याकडे जायचं म्हटलं की बुटांच्या नाड्या न बांधता धावत सुटायची. तिकडे ताक आणि सोडा घातलेला, गव्हाच्या जाड पिठाचा गरम पाव, वर लोण्याचा थर. जत्रेतल्या पावांच्या स्पर्धेत डिंफनाला दरवर्षी बक्षीस. मीही त्याच पिठाचा, त्याच ताकाचा पाव करते. तो पाहून माझी लेक बापाला म्हणाली, "बाबा, आईच्या पावांनी कुंपण बांधता येईल." फिंटन खो खो हसला. मी त्या दिवशी दोघांना नुसते बटाटे वाढले.

लोक म्हणतील, पोरीवर कोणी माया करतं तर चांगलंच आहे की. म्हणोत. स्वतःचं मूल दुसरीच्या दारात धावताना ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी बोलू नये. मला मत्सर वाटत होता आणि तो मी लपवतही नव्हते.

डॉक्टरकडे मी कीवाला नेलं तेही याच मत्सरापोटी. नाकाचा एकदाचा बंदोबस्त झाला की तो फोन बंद होईल, एवढाच माझा हिशेब होता.

डॉक्टर हेनेहन तरुण आहे, शेजारच्याच गावची. तिने कीवाच्या पापण्या उलटून पाहिल्या, पोटावर हात फिरवला.

"रक्त कधीपासून येतंय?"

"वर्ष झालं असेल."

"वर्ष? आणि आज आणलीत?"

"तिची आत्या थांबवते ना दर वेळी."

डॉक्टर हसली नाही. "माझी आजीही न्यायची मला अशा एका बाईकडे. पण रक्त थांबलं म्हणजे ते का येतं हे कळलं असं नाही. बहुतेक मुलांचं नाक नुसतं कोरडं असतं, काळजीचं काही नसतं. हिचे मात्र हातपाय काड्यांसारखे आणि पोट फुगलेलं. रक्त तपासू या."

तपासणीचा अहवाल आला तेव्हा तिने मला एकटीला आत बोलावलं. "सिलिअ‍ॅक नावाचा आजार असावा. गहू आणि बार्लीतलं ग्लूटेन हिच्या आतड्याला सोसत नाही. आतडं बिघडलं की लोह, व्हिटॅमिन के, काहीच अंगी लागत नाही. व्हिटॅमिन के कमी पडलं की रक्त लवकर गोठत नाही. नाकातून रक्त त्यामुळेच येतं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण हिचं रक्त गोठायला वेळ लागतोय हे खरं."

ती पुढेही बरंच बोलली. मी गव्हापाशीच थांबले होते. पोरीला आजार आहे हे ऐकून आईच्या काळजाचं पाणी व्हावं. माझंही झालं, पण घटकाभर उशिरा. त्याआधी मला आनंद झाला.

घरी न जाता मी गाडी सरळ डिंफनाच्या अंगणात उभी केली. ती नुकताच काढलेला पाव उलटा धरून बुडाला टिचक्या मारत होती, आतून भाजलाय का ते ऐकत.

"तुझ्या पावाने पोरीचं रक्त वाहतंय," मी म्हणाले.

"माझ्या पावाने?"

"गव्हाच्या. म्हणजे तुझ्याच. माझा ती खाते कुठे? वर्षभर एका हाताने रक्त थांबवलंस आणि दुसऱ्या हाताने विष चारलंस."

कीवा माझ्या मागे उभी होती, तिने सगळं ऐकलं. डिंफनाने पाव कोंबड्यांच्या बादलीत टाकला, मग पिठाची पिशवीही त्यातच रिकामी केली. मला फार बरं वाटलं. गाडीत मी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून नर्सचा फोन. "डॉक्टरांनी सांगितलंय ते लक्षात आहे ना? दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. रोज द्यायचा. बंद केला तर आतडं सावरायला लागतं आणि तपासणीत काही दिसत नाही."

मी पाव कापून कीवासमोर ठेवला. तिने ताट ढकललं.

"विष आहे ते. तूच म्हणालीस."

"थोडे दिवस खायचाय, बाळा."

"नको! मला मारायचंय का तुला?" ती रडायला लागली. बिस्किट नको, पास्ता नको, माझ्या हातचं काहीच नको. दोन दिवस बटाट्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आत्या म्हणाली तर खाईन."

मग गेले. पायी गेले, तेवढाच रस्ता लांबला.

डिंफनाने ऐकून घेतलं. "त्या दिवशी विष होतं. आज औषध झालं का?"

"तपासणीसाठी लागतं."

"मग तू भाज की. तुलाही येतो."

"माझ्या हातचं ती खात नाही, डिंफना."

हे वाक्य तिच्यासमोर म्हणण्यापेक्षा कोंबड्यांच्या बादलीत डोकं घातलं असतं तर बरं. ती हसली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "पीठ सगळं टाकलं मी. फिंटनला दुकानात पाठव."

तपासणीपर्यंत ती रोज यायची. माझ्या टेबलाशी बसून पातळ काप करायची, एक स्वतः खायची, एक कीवाला द्यायची. "बघ, मी मेले का?" कीवा खुदकन हसून खायची. मी भांडी आपटत धुवायची.

तपासणीत सिलिअ‍ॅकच निघाला. गहू कीवाच्या ताटातून गेला. हळूहळू कीवाच्या गालांवर रंग आला, आणि नाकातून रक्त येणं कमी होत होत थांबलं. फोन गप्प झाला. रक्तच नाही तर गुणाला विचारतो कोण? माझ्या मनासारखं झालं होतं.

पण डॉक्टर हेनेहन म्हणाली, "घरातल्यांनीही रक्त तपासून घ्या. हा रक्ताच्या नात्यातून येतो."

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. तो आजार माझ्याकडून आलेला असावा. चर्चमध्ये लोक आजार टळावा म्हणून मेणबत्ती लावतात, मी तो असावा म्हणून लावली. म्हणजे आम्ही दोघी एका ताटातल्या झालो असतो.

फिंटनचं रक्त चांगलं निघालं. माझंही. "सुटलात!" डॉक्टर म्हणाली. मी गाडीत बसून हमसून हमसून रडले.

डिंफना आपणहून जाऊन तपासून आली होती. तिची हाडं ठिसूळ होती, कायम थकवा असायचा. आजवर सगळ्यांनी वयावर ढकललं होतं. तिला सिलिअ‍ॅक होता.

काल रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो. तिने नवा टोस्टर आणलाय, लोण्याचं भांडं नवं, सुरी नवी. तांदूळ आणि बटाट्याच्या पिठाचा पाव केला होता, तो कापताच भुगा झाला. त्या भुग्याला दोघी इतक्या हसल्या की कीवाला उचकी लागली. मी माझा गव्हाचा पाव घरून डब्यात नेला होता. डबा उघडला तशी कीवाचं हसू थांबलं.

"आई, तू तिकडे खिडकीपाशी बस ना. तुझे कण आमच्या ताटात पडतील."

"अगं, आईशी असं बोलतात का?" डिंफना म्हणाली.

"पण आत्या, एक कणही चालत नाही आपल्याला."

"बरोबर आहे तिचं," मी म्हणाले. डबा उचलला, खिडकीपाशी गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून माझा पाव खाल्ला.