अठरावं लागलं

मामांना अक्षरं भेटली तोवर त्यांचे पुढचे दात त्यांना सोडून गेले होते. त्यामुळे वाचताना 'स' आला की नुसतीच शिट्टी वाजायची. पण हौस दांडगी. ते ज्या लाँड्रीत कामाला होते, तिथं हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुवायला येत. साबणाच्या पोत्यावरचं, पिंपावरचं, दारावरचं, जे दिसेल ते मामा मोठ्यानं वाचत सुटायचे. एकदा विजेच्या बटणाच्या डब्यावर 'ओला हात लावू नये' असं लिहिलेलं त्यांनी ओलं बोट ठेवून वाचलं, आणि झटका बसल्यावर म्हणाले, "बरोबर लिहिलंय."

वाचायला शिकवलं ते भाचीनं. बहिणीची लेक, मामांकडेच राहायची. तोंडाला क्षणाची उसंत नसायची म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. शिकवणी मात्र कडक.

"मामा, ओळीखाली बोट ठेवा. पूर्णविराम येईपर्यंत उचलायचं नाही. आणि मधले शब्द गिळायचे नाहीत."

"अगं, दात नाहीत. गिळू नको तर काय करू?"

"चघळा!"

तिला लाँड्रीत चिकटवलं तेही मामांनीच. मालकांनी वय विचारलं, तेव्हा मामा छाती काढून म्हणाले, "अठरावं लागलंय." त्यांच्या घरात वय असंच सांगत. सतरावं सरलं, अठरावं लागलं. मालकांनी 'अठरा' तेवढं ऐकलं. 'लागलंय' त्यांच्या सोयीचं नव्हतं.

टकळीला रोलरवर उभं केलं. ओली चादर एका बाजूनं आत सारायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक इस्त्री होऊन बाहेर यायची. रोलरला सुताचा कचरा चिकटायचा, तो फडक्यानं पुसायचा. पुसायचा तोही रोलर फिरत असतानाच, कारण थांबवला तर तो निवतो, पुन्हा तापायला वेळ जातो, आणि मालक त्याच्या आधी तापतात. फडकं घेऊन टकळीचा हात रोलरच्या तोंडाशी गेला की मामा धुण्याच्या पिंपात डोकं घालत. एके दिवशी तिची बाही आत ओढली गेली. बाही फाटली म्हणून हात वाचला.

"काही नाही हो," ती हसून म्हणाली आणि फाटकी बाही दुमडून वर सारली. "मालकांना सांगू नका हं, मामा. काढून टाकतील मला. आईला काय सांगू मग?"

मामांनी मात्र ठरवलं, सांगायचंच. त्या दिवसापासून ते रोज तावातावानं मालकांच्या खोलीत शिरत आणि साबण मागून परत येत. धुण्याच्या खोलीत साबणाचा डोंगर झाला, तरी मामांचा धीर काही साठेना.

अशात मालकांनीच त्यांना हाक मारली. "मामा, सरकारी तपासणीच्या बाई येणार आहेत. भिंतीवरची नियमांची पाटी तुम्ही वाचून दाखवा. आपल्या माणसांना नियम ठाऊक आहेत, हे कळू दे त्यांना. वरच्या तीन ओळी बस. मग चहा."

मामांना आभाळ ठेंगणं झालं. पाटीचा खालचा भाग चादरींच्या गाड्याआड असायचा, त्यामुळे वरच्या तीन ओळीच त्यांनी घोकल्या. अर्थाकडे बघायला सवड नव्हती. उच्चारच जीव काढत होते.

बाई आल्या त्या दिवशी मामांनी दाढी केली आणि ठेवणीतला सदरा घातला. जागा ऐसपैस दिसावी म्हणून मालकांनी गाडा हलवला होता. मामांनी बोट ठेवलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी म्हणत होती, "यंत्राजवळ सैल कपडे घालू नयेत, तसेच".

"वा, मामा!" मालकांनी टाळी वाजवली. "चहा आणा रे!"

मामांचं बोट जागचं हललं नाही. "थांबा मालक. पूर्णविराम आला नाही."

आणि ते पुढे चघळू लागले. "तसेच, अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या कामगारास चालू यंत्र पुसण्यास लावू नये." पूर्णविराम आला. टकळीसमोर खणखणीत वाचलं या आनंदात मामा वळले, आणि मग आपण काय वाचलं ते त्यांच्या कानावर पडलं.

बाईंनी विचारलं, "रोलर कोण पुसतं इथं?"

मालक छताकडे बघू लागले. टकळी मामांकडे बघून मान हलवत होती, नको, नको. साबण मागायचीही सोय नव्हती.

"ही पुसते," मामा म्हणाले. "माझी भाची. चालू रोलर पुसते."

"वय?"

"अठरावं लागलंय, बाई. पूर्ण नाही."

"तुम्ही अठरा म्हणाला होतात!" मालक ओरडले.

"लागलंय म्हणालो होतो."

टकळीची टकळी पहिल्यांदाच बंद पडली. बाईंनी आधी रोलर बंद करायला लावला, मग मालकांना ऐकवलं, "मुलीला काढायचं नाही. घड्या घालायच्या टेबलावर घ्या, पगार तोच. आणि पुसायचा तर रोलर थांबवून, निवल्यावर, मोठ्या माणसानं."

मालकांनी मोठा माणूस म्हणून मामांकडे बोट दाखवलं. त्यांच्या वयाबद्दल कोणालाच शंका नव्हती.

घरी जाताना टकळी अर्धा रस्ता मामांच्या पुढे झपाझप चालत राहिली, आणि तेच मामांना जास्त लागत होतं. शेवटी ती फुटली.

"काढलं असतं म्हणजे मला? कोणी सांगितलं होतं खाली वाचायला?"

"तूच. बोट उचलू नको म्हणालीस."

"पूर्णविरामापर्यंत! त्याच्या पुढचं, 'ही पुसते' म्हणालात ते, कुठं लिहिलं होतं? ते कोणी शिकवलं?"

मामांना फुशारकी मारावी असं फार वाटत होतं, पण ती ऐकणारी ही पोरगी नव्हती.

"ते आपसूक निसटलं गं," ते म्हणाले. "पुढचे दात असते, तर अडलं असतं."